शब्द कोणाचा? दखनी बोलीतील सामाईक शब्द आणि मीमांसकांचा निवाडा

शब्दाचे मूळ कळले नाही तर त्याच्या अर्थाला काही बाध येतो काय, हा प्रश्न आज भाषाशास्त्राचा समजला जात असला, तरी भारतीय परंपरेत तो धर्मविचारात उपस्थित झाला, आणि यज्ञवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी त्याचा जो ऊहापोह केला, तितका काटेकोर ऊहापोह पुढे क्वचितच झाला. वेदवाक्यात असा एखादा शब्द आला की जो शिष्टांच्या बोलण्यात नाही, पण म्लेच्छांच्या, म्हणजे वैदिक आचाराबाहेरच्या लोकांच्या, नित्य वापरात आहे, तर त्याचा अर्थ व्युत्पत्तीने ठरवावा की त्या लोकांना विचारावा, असा तो मूळ पेच होता. दक्षिणेतील बहुभाषिक शहरांत कानावर पडणाऱ्या ज्या बोलभाषेतील शब्दांवर चार-चार भाषा हक्क सांगतात आणि ज्यांचे मूळ कोणालाच निर्विवाद सिद्ध करता येत नाही, त्यांच्याबाबत हाच पेच वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहतो. त्यातील वादाचा विषय अर्थ नसून मालकी असते, कारण अर्थ सर्वांना ठाऊकच असतो.

या प्रश्नाच्या तपासणीसाठी हैदराबादच्या वायव्येकडील कुकटपल्लीसारखी जागा शोधून सापडणार नाही. पुण्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूर आणि उमरगा ही मराठी गावे, हुमनाबाद हे कन्नड गाव आणि जहीराबाद, संगारेड्डी ही तेलुगू गावे मागे टाकून कुकटपल्लीतून हैदराबादेत शिरतो, आणि यांपैकी उमरग्यापासून पुढचा सारा पट्टा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात एकत्र होता. शासनाची उर्दू, घरची मराठी, कन्नड अथवा तेलुगू आणि बाजारची दखनी अशी त्या मुलखाची भाषिक घडण होती. दखनी म्हणजे चौदाव्या शतकात दिल्लीकडून दौलताबादेस आलेल्या सैनिक, सूफी आणि कारागिरांच्या बोलीला दक्षिणेच्या मातीत आलेले रूप. बहमनी आणि कुतुबशाही राजवटींत तिला दरबार आणि काव्य लाभले, आणि १५९१ मध्ये वसलेल्या हैदराबादेत ती शहराची बोली झाली. पुढे कुकटपल्लीत गृहनिर्माण मंडळाची मोठी वसाहत उभी राहिली, शेजारी हायटेक सिटी आली आणि नांदेड, लातूर, नागपूरकडची मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे स्थिरावली, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली असणार: भाजीवाल्याचे ‘नक्को’, रिक्षावाल्याचे ‘हौ’ आणि गल्लीतल्या पोरांना उद्देशून येणारे ‘पोट्टे’ हे शब्द त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाहीत.

हे तिन्ही शब्द सामाईक असले, तरी त्यांच्या उगमाची निश्चिती सारखी नाही. ‘नक्को’ या शब्दाबाबत मराठीचा दावा भक्कम आहे, आणि तो केवळ ध्वनिसाम्यावर उभा नाही. मराठीत ‘नको’ हे रूप वचनानुसार बदलते; एकाला ‘जाऊ नको’ म्हटले जाते आणि अनेकांना अथवा आदरार्थी ‘जाऊ नका’. दखनीत मात्र ‘नक्को’ हे एकच रूप सर्वांना सरसकट लावले जाते, आणि उत्तरेच्या हिंदी-उर्दूत, जिथून दखनीचा सांगाडा आला, तिथे हा शब्दच नाही. जो शब्द एका भाषेत विकार पावतो, म्हणजे व्याकरणाच्या नियमाने रूपे बदलतो, आणि दुसरीत गोठलेला दिसतो, तो पहिलीतून दुसरीत गेला असे मानण्यास सबळ कारण असते. ‘ऐसाइच’, ‘वोइच’ यांतील जोर देणारा ‘च’ही याच वाटेने गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘चिल्लर’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेचा आहे. मराठी, हिंदी आणि दखनी या भाषांत त्याची फोड होत नाही, पण तमिळमध्ये ‘चिल’ म्हणजे थोडे, लहान, या अंगातून तो घरच्या घरी उलगडतो. सारांश, उगमाचा प्रश्न नेहमीच अनुत्तरित राहतो असे नाही, आणि अनिश्चिततेविषयी बोलताना ही मर्यादा आधीच मान्य करणे प्रामाणिकपणाचे आहे.

‘पोट्टा’ या शब्दापाशी मात्र असा एकही पुरावा हाती लागत नाही. वऱ्हाडात आणि नागपूरकडे पोट्टा म्हणजे मुलगा, पोट्टी म्हणजे मुलगी आणि पोट्टे म्हणजे पोरे. हैदराबादी दखनीत हेच शब्द किंचित उद्धट सलगीने वापरले जातात. तेलंगणातील तेलुगूत ‘पोरडु’ आणि ‘पोरि’ ही ‘पोर’शी जुळणारी रूपे आहेत. आता या ‘पोट्टा’ची तीन कुळे सांगता येतात. पहिले कुळ संस्कृत ‘पोत’ अथवा ‘पोतक’, म्हणजे पशुपक्ष्यांचे पिल्लू, याचे. मराठी ‘पोर’ सामान्यतः याच कुळात बसवले जाते, अर्थही चपखल जुळतो, पण स्वरांमधला संस्कृत ‘त’ प्राकृतात गळून ‘पोअ’ असे रूप होते, तेव्हा ‘पोट्टा’तील जोडाक्षरी मूर्धन्य ‘ट्ट’ कोठून आला याचा उलगडा होत नाही. दुसरे कुळ तेलुगू ‘पोट्टि’, म्हणजे ठेंगणा, याचे. येथे ध्वनी जुळतो, परंतु ‘ठेंगणा’ या अर्थावरून ‘मूल’ या अर्थावर उडी मारावी लागते. तिसरे कुळ प्राकृत ‘पोट्ट’, म्हणजे पोट, याचे. ‘पोटचे पोर’ म्हणणाऱ्या मराठी मनाला ते पटण्यासारखे आहे, पण तेलुगूतही पोटाला ‘पोट्ट’च म्हणतात, तेव्हा हे कुळ तरी आर्य की द्राविड, असा नवा वाद सुरू होतो. तिन्ही कुळांत काहीतरी जुळते आणि काहीतरी निसटते. यांपैकी एक शक्यता खरी मानून उरलेल्या दोन पुसून टाकण्याइतका आधार कोणत्याही पक्षाजवळ नाही.

‘हौ’ची कथा याहून बोधप्रद आहे, कारण तेथे ‘मूळ कोणते’ या प्रश्नाची मांडणीच डळमळते. कन्नडमध्ये होकाराला ‘हौदु’, तेलुगूत ‘अवुनु’, मराठीत ‘होय’ आणि वऱ्हाडीत ‘हाव’ किंवा ‘हौ’ म्हणतात, तर उत्तरेतून आलेल्या दखनीकडे स्वतःचे ‘हाँ’ होतेच. यांतील कन्नड आणि तेलुगू शब्द ‘होणे’ या अर्थाच्या द्राविड धातूपासून आले, मराठी ‘होय’ संस्कृत ‘भू’पासून प्राकृत ‘हो’च्या वाटेने आले, आणि दोन परस्परभिन्न कुळे ‘तसे आहे’ हाच भाव सांगत जवळजवळ एकाच ध्वनीवर येऊन ठेपली. अशा शेजारात वाढलेल्या दखनी भाषकाच्या तोंडी ‘हौ’ रुळले असेल, तर ते एकाकडून घेतले आणि इतरांकडून घेतले नाही असे म्हणण्यात काही तथ्य उरत नाही. प्रत्येक शेजाऱ्याने त्याला दुजोरा दिला, इतकेच म्हणता येते. एका कार्याला एकच कारण असले पाहिजे हा हट्ट येथे विचाराच्या आड येतो.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर ध्वनिसाम्य हा उगम सिद्ध करण्यास सव्यभिचार हेतू आहे. ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती साध्य असेल तेथेही आढळते आणि नसेल तेथेही आढळते, तिला सव्यभिचार म्हणतात. साम्य समान पूर्वजामुळे येते, उसनवारीने येते, दोघांनी तिसऱ्याकडून घेतल्याने येते, ध्वन्यनुकरणाने किंवा बाळबोलीने येते, आणि निव्वळ योगायोगानेही येते. फिलिपिन्समधील टागालोग, सेबुआनो, इलोकानो आदी भाषांमध्ये सामाईक असलेल्या बोलभाषेतील शब्दांबाबत ही अडचण आणखी बिकट होते, कारण त्या सर्व एकाच मलय-पॉलिनेशियन शाखेतील भगिनी असल्याने वारसा आणि उसनवारी यांची रूपे एकमेकांसारखीच दिसतात. दख्खनमध्ये आर्य आणि द्राविड अशी दोन वेगळी कुळे शेजारी असल्यामुळे निदान काही शब्दांचा निवाडा होतो, तरीही ‘पोट्टा’सारखे शब्द निसटतातच, मग जेथे सगळेच एका कुळातील आहेत, तेथे निश्चितीचा आग्रह किती जपून धरावा, हे सांगायला नको.

या अनिश्चिततेला सामोरे जाण्याचे दोन मार्ग परंपरेने फार पूर्वीच आखून ठेवले होते. निरुक्तकार यास्काने नोंदवलेल्या वादात शाकटायनाचा पक्ष असा की सर्व नामे धातूंपासून निघाली आहेत, तर गार्ग्याचा आक्षेप असा की तसे असते तर एखादी क्रिया करणाऱ्या प्रत्येकाला तेच नाव मिळाले असते आणि वाट व्यापणारा जो तो अश्व ठरला असता. यास्काने शाकटायनाची बाजू घेतली, पण उत्तर देताना त्यालाही लोकव्यवहाराचाच आधार घ्यावा लागला: लाकूड तासणारे अनेक असले तरी सुताराचे नाव एकालाच मिळते, असे व्यवहारात दिसते. त्याचबरोबर त्याने असाही दंडक घालून दिला की अक्षराएवढेच साम्य मिळाले तरी अर्थाच्या बळावर निर्वचन करावे, पण निर्वचन करण्याचे टाळू नये. मंत्रार्थाच्या गरजेतून आलेला हा दंडक पुढे अर्थ आधी ठरवून मूळ मागाहून शोधण्याच्या सवयीचा आधार बनला. दुसरा मार्ग प्राकृत वैयाकरणांचा. त्यांनी शब्दांचे तीन वर्ग केले: संस्कृतशी तंतोतंत जुळणारे तत्सम, संस्कृतातून विकार पावलेले तद्भव, आणि या दोन्हींत न बसणारे देशी. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाला’ रचून अशा शब्दांचा स्वतंत्र कोश केला, तेव्हा त्याने मूळ सापडत नाही ही त्या शब्दांची उणीव मानली नाही. जे साधले जात नाही त्याला त्याने सन्मानाची जागा दिली.

मीमांसकांनी यापुढे पाऊल टाकले. जैमिनीच्या सूत्रांच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात म्लेच्छांच्या शब्दांची चर्चा येते आणि शबरस्वामी आपल्या भाष्यात तिथे चार शब्द देतात: ‘पिक’ म्हणजे कोकिळ, ‘नेम’ म्हणजे अर्धा, ‘तामरस’ म्हणजे कमळ आणि ‘सत’ म्हणजे एक प्रकारचे लाकडी पात्र. हे शब्द आर्यांच्या व्यवहारात नाहीत, म्लेच्छांच्या आहेत, असे तो मानतो. पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी मांडलेली बाजू, असा की अशा शब्दांचा अर्थ निरुक्त आणि व्याकरण यांच्या साह्याने, धातूची फोड करून लावावा, कारण बाहेरच्या लोकांच्या आचाराला प्रामाण्य नाही. सिद्धांत याच्या उलट आहे. धातूची फोड करून निघणारे अर्थ अनियत असतात, हव्या त्या दिशेला वळवता येतात. उलट ज्यांच्यात शब्द प्रत्यक्ष चालतो त्यांचा अर्थ निश्चित असतो, आणि पक्षी पकडण्यात व पाळण्यात जे अधिक निष्णात, त्यांनाच पक्ष्याचे नाव अधिक नेमके ठाऊक असणार. अपौरुषेय मानलेल्या वेदाच्या एका पदाचा अर्थ लावण्यासाठी वेदाबाहेरच्या माणसाला विचारावे, असा हा निर्णय आहे.

या निर्णयाची मर्यादाही मीमांसकांनी आखली होती. ‘यव’, ‘वराह’, ‘वेतस’ अशा काही शब्दांचे शिष्टांत एक आणि इतरांत दुसरे अर्थ रूढ होते. अशा संघर्षात यज्ञकर्मापुरता शास्त्रातील प्रयोगच मानावा, असे त्यांनी ठरवले. लोकव्यवहार प्रमाण खरा, पण कोणता लोक आणि कोणता व्यवहार हे संदर्भाने ठरते, असा त्याचा आशय होतो. कुकटपल्लीच्या बाजारात ‘परसों’ हा शब्द काल-परवापासून वर्षभरापूर्वीच्या कोणत्याही दिवसाला लागतो, आणि न्यायालयाच्या कागदात तसा लागणार नाही. दोन्ही प्रयोग आपापल्या जागी शुद्धच आहेत.

सातव्या शतकातील कुमारिल भट्टाने ‘तंत्रवार्तिका’त या चर्चेला जे उदाहरण जोडले, ते दख्खनच्या वाचकाला विशेष जवळचे वाटावे. द्राविड भाषेतील व्यंजनान्त शब्दांना संस्कृत प्रत्यय चिकटवून त्यांचे संस्कृत मूळ शोधणाऱ्यांची तो टर उडवतो. अन्नाला द्राविड लोक ‘चोर’ म्हणतात म्हणून त्यात संस्कृत ‘चोर’ पाहायचा. वाटेला ‘अतर’ म्हणतात म्हणून ती तरून जाण्यास कठीण ठरवायची. सापाला ‘पाप’ म्हणतात म्हणून साप पापीच असतो असे समाधान करून घ्यायचे. पोटाला ‘वैर’ म्हणतात म्हणून भुकेले पोट माणसाचे वैरी होते असे सांगायचे. तमिळमधील सोरु, अदर, पाम्बु आणि वयिरु हे शब्द, किंवा तेलुगूतील ‘पामु’ म्हणजे साप, ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना कुमारिलाच्या कानावर पडलेली भाषा लगेच ओळखता येते. शेजारच्या द्राविड भाषेत जर इतकी मनमानी चालते, तर पारशीक, यवन आणि रोमक अशा दूरच्या भाषांत काय होईल, असा त्याचा सवाल आहे. व्युत्पत्ती अर्थाला शोभून दिसते, एवढ्याने ती खरी ठरत नाही, हा धडा त्याने तेराशे वर्षांपूर्वी घालून दिला.

आता म्लेच्छांना अर्थ विचारण्याच्या मीमांसकांच्या निर्णयाची कसोटी आधुनिक ज्ञानावर लावून पाहता येते. शबराने म्लेच्छांचे मानलेले चार शब्द आज तपासले, तर ‘तामरस’ खरोखर द्राविड दिसतो, कारण तमिळ ‘तामरै’, कन्नड ‘तावरे’ आणि तेलुगू ‘तामर’ ही त्याची भावंडे आहेत. ‘नेम’ मात्र मुळीच परका नाही, तो ऋग्वेदात आहे आणि अवेस्ताच्या भाषेत त्याचा सख्खा भाऊ सापडतो. म्हणजे उगमाविषयी भाष्यकाराचा अंदाज काही अंशी तरी चुकला होता. तरीही ‘नेम’चा अर्थ अर्धा असाच राहिला, आणि जे तो शब्द वापरतात त्यांच्याकडून अर्थ घ्यावा या निर्णयाला धक्का लागला नाही. याचे कारण उघड आहे: तो निर्णय मुळावर उभारलेलाच नव्हता. मूळ चुकीचे निघाले तरी अर्थ टिकतो, यावरून मूळ आणि अर्थ ही दोन वेगळी प्रमेये आहेत आणि एकाच्या पुराव्याने दुसरे सिद्ध किंवा बाधित होत नाही, हे स्पष्ट होते.

यावर एक आक्षेप असा घेतला जाईल की अर्थ टिकला तरी शब्दाची प्रतिष्ठा मुळावरच ठरते. ‘नक्को’ हा ‘नको’चा बिघाड आहे आणि दखनी ही साऱ्याच भाषांची मोडतोड आहे. हा आक्षेपही नवा नाही. गौ या साधु, म्हणजे व्याकरणशुद्ध, शब्दाचे गावी, गोणी असे अनेक अपभ्रंश होतात, हे पतंजलीने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नोंदवले, पण अर्थ दोहोंनी सारखाच कळतो आणि भेद केवळ धर्माचा, म्हणजे शुद्ध प्रयोगाने मिळणाऱ्या पुण्याचा, असल्याचेही त्यानेच मान्य केले. अनेक नैयायिकांनी अपभ्रंशाला स्वतःची शक्ती, म्हणजे अर्थ सांगण्याचे सामर्थ्य, नाकारले. अपभ्रंश ऐकून मूळ साधु शब्द आठवतो आणि त्याच्या द्वारे अर्थ कळतो, असे त्यांचे म्हणणे. काशीत राहिलेला महाराष्ट्रीय वैयाकरण नागेशभट्ट याने हे मानले नाही, कारण ज्यांना साधु शब्द मुळात ठाऊकच नाही त्यांना तो आठवणार कसा? पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या आणि मराठीचा गंध नसलेल्या माणसाचे ‘नक्को’ ऐकताना हा युक्तिवाद तंतोतंत पटतो. त्याचा नकार कोणत्याही मध्यस्थाविना पोचतो.

आधुनिक काळात पुण्यप्राप्तीची जागा अस्मितेने घेतली आणि जुना वाद नव्या नावांनी पुढे चालला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३-१९२६) यांचा ओढा मराठी शब्द आणि स्थलनामे संस्कृतापर्यंत नेऊन भिडवण्याकडे होता. विश्वनाथ खैरे यांनी १९७७ मध्ये ‘द्रविड महाराष्ट्र’ लिहून तमिळच्या प्रकाशात मराठी शब्दांची दुसरी बाजू दाखवली. दोन्ही प्रयत्नांनी विचाराला चालना दिली, आणि कोणत्याही एका दिशेने सगळे शब्द नेले की कुमारिलाने दाखवलेली चूक किती सहज घडते, हेही त्यांच्या वाचकाला कळून आले. शिवाय मूळ शोधण्याच्या क्रियेत अनवस्था दडलेली आहे; एका उत्तरासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे, असे न संपणारे उत्तर मागत राहण्याच्या दोषाला अनवस्था म्हणतात. ‘बिंदास’ मराठी ‘बिनधास्त’वरून आला असे म्हणून थांबावे, तर ‘धास्ती’चा संबंध अरबी ‘दहशत’शी लावला जातो. कुकटपल्लीतील ‘पल्ली’ तेलुगूत घरचा शब्द आहे, संस्कृत कोशांतही तो आहे, आणि डोंबिवली, कांदिवली या नावांतील ‘वली’ त्यावरूनच सांगतात. जेथे शोधकाचा पुरावा किंवा त्याची सोय संपते, तेथे मूळ सापडल्याचे तो जाहीर करतो.

याचा अर्थ व्युत्पत्तीचा शोध निरर्थक आहे असा नाही. कोण कोणाच्या शेजारी राहिले, बाजारात कोणाची भाषा चालली, स्वयंपाकघरातून कोणता शब्द पुढे गेला, हा इतिहास शब्दांतूनच कळतो, आणि ‘नको’सारख्या शब्दाने मराठी माणूस दखनीच्या घडणीत किती खोल सामील होता याची साक्ष दिली आहे. अट एवढीच की इतिहासाला इतिहासाचा पुरावा द्यावा आणि त्यावरून हक्काचा दाखला मागू नये. कोशकाराने ‘पोट्टा’ नोंदवताना अर्थ वऱ्हाड, तेलंगण आणि हैदराबाद येथील बोलणाऱ्यांकडून घ्यावा, तिन्ही संभाव्य कुळे त्यांच्या बळकट आणि दुबळ्या बाजूंसह मांडावीत, आणि निर्णय होत नसेल तर हेमचंद्राप्रमाणे शब्दाला देशी म्हणून सुखाने राहू द्यावे. शब्द कोणाचा या प्रश्नाला मीमांसेच्या रीतीने द्यावयाचे उत्तर मग एकच उरते: तो बोलणाऱ्यांचा, आणि ते अनेक असतील तर अनेकांचा, त्यांच्यापैकी कोणालाही आपला पूर्वज सिद्ध करून दाखवल्याखेरीज तो शब्द बोलता येणार नाही, अशी अट घालण्याचा अधिकार वेदार्थ लावणाऱ्यांनीही स्वतःकडे घेतला नव्हता.